कडबा कापण्याचे जुने हातयंत्र व कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

गेल्या मार्गशीर्षात आमच्या आखाड्यावरील जुन्या गोठ्याचे छप्पर उतरवून तेथे पत्रे घालण्याचे काम काढले होते. पळाट्या, तुराट्या व कुजलेल्या कडब्याचा ढीग बाजूस सारला, तेव्हा त्याखालून लोखंडाचे एक मोठे चाक निघाले. चाकास दोन वाकडी पाती, मागे निम्मी वाळवीने खाल्लेली लाकडी पन्हळ, आणि खाली बिडाचे चार पाय. भंगार घेणारा एक इसम त्याच दिवशी गावात आला होता व माझ्या चिरंजीवाने त्याच्याशी किलोचा भाव ठरविलाही होता. चाक टेम्पोत पडण्यापूर्वी मी तेथे पोहोचलो, म्हणून ते राहिले. ‘बाबा, आता याचे करायचे तरी काय?’ असे चिरंजीवाने विचारले. महसूल खात्यात जन्म घालविलेल्या कारकुनास प्रश्नाचे उत्तर लेखी देण्याची सवय असते. तोंडी उत्तर त्यास ऐन वेळी सुचत नाही. सबब हे टिपण संघाच्या मासिकाकडे पाठवीत आहे.

हे यंत्र म्हणजे कडबा कापण्याचे हातयंत्र. आमच्या गावी त्यास नुसते ‘चाक’ म्हणत. ‘चाकावर जाऊन ये’ म्हटले की कुट्टी करून आण, असा अर्थ समजावा. विजेवर चालणारे कुट्टीयंत्र ज्यांनी पाहिले आहे त्यांस याची रचना निराळी सांगावयास नको. पण तरुण वाचकांपैकी पुष्कळांनी हाताने फिरविण्याचे यंत्र पाहिलेले नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. पन्हळीच्या तोंडाशी एकावर एक असे दोन दातेरी रूळ असतात. चाकाची मूठ धरून चाक फिरविले की आसावरील दात्यांच्या योगाने हे रूळ एकमेकांच्या उलट दिशेने फिरू लागतात आणि पन्हळीत ठेवलेला कडबा आत ओढतात. रुळांच्या पुढे एक पोलादी पट्टी बसविलेली असते. चाकावरील पाते त्या पट्टीस घासून खाली येते व कातरीच्या दोन पात्यांप्रमाणे कडबा मध्ये सापडून कापला जातो. चाकाच्या एका फेऱ्यात दोन काप पडतात. रूळ सावकाश फिरले तर तुकडा बारीक पडतो, जलद फिरले तर मोठा. त्याकरिता दात्यांची चाके बदलण्याची सोय असते. वरचा रूळ दाबाखाली असतो, पण त्यास वर उचलण्यास थोडी मोकळीक ठेवलेली असते, म्हणून धांडे जाड आले काय नि बारीक आले काय, तो त्यांस सारखेच धरून ठेवतो. चाक जड का, असे मी लहानपणी आजोबांस विचारले होते. ते म्हणाले, ‘हलके चाक बुडख्याला अडते, जड चाक अडत नाही.’ एकदा गती धरलेले जड चाक आपल्याच वेगाने जाड बुडखा तोडून पुढे जाते, हे तत्त्व यापेक्षा थोडक्या शब्दांत मला कोणी सांगितलेले नाही.

यंत्र येण्यापूर्वी कडबा कोयत्याने किंवा कुऱ्हाडीने लाकडाच्या ओंडक्यावर तोडीत, आणि बहुतेक घरी तोडीतच नसत. पेंढी सोडून गव्हाणीत पसरली की काम झाले. जनावर पाला खाते, वरचे कोवळे धांडे खाते, आणि बुडख्याकडील कठीण भाग तोंडाने बाजूस लोटून देते. तो पायांखाली तुडविला जातो, त्यावर मूत्र-शेण पडते, आणि सकाळी ते चघळ उकिरड्यात जाते. कुट्टी केली म्हणजे पाला व बुडखा एकत्र होतात व जनावरास निवड करता येत नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कुट्टीने कडब्याचा कस वाढतो, अशी समजूत कित्येकांची आहे. ती बरोबर नाही. कस आहे तेवढाच राहतो. वाया जाणे मात्र थांबते. तसेच कुट्टी भुगा होईल इतकी बारीक करणेही इष्ट नव्हे, कारण रवंथ करणाऱ्या जनावरास थोडा जाडाभरडा चारा पोटात लागतोच.

चाकावर पाती बसवून चारा कापण्याची युक्ती मूळची विलायतेची. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिकडे अशी यंत्रे होऊ लागली. आपल्या मराठी मुलखात ती स्वतःच्या कारखान्यात तयार करून शेतकऱ्यास विकण्याचा उद्योग ज्याने पहिल्या प्रथम नेटाने केला, तो पुरुष म्हणजे कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. आमच्या चाकावर कारखान्याचे नाव ओतलेले होते, पण गंजाने त्याची अक्षरे खाऊन टाकली आहेत. तेव्हा ते यंत्र त्यांच्याच कारखान्यातील, असा दावा मी करीत नाही. परंतु त्या जातीच्या यंत्राचा विषय निघाला की लक्ष्मणरावांचे चरित्र बाजूस ठेवून पुढे जाता येत नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगावजवळ गुर्लहोसूर येथे झाला. अभ्यासापेक्षा चित्रांकडे व यंत्रांकडे ओढा, म्हणून मुंबईस जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले. तेथे काही काळ गेल्यावर असे आढळले की, त्यांच्या डोळ्यांस काही रंगांतील भेद बरोबर कळत नाही. चित्रकाराच्या धंद्यात ही मोठीच आपत्ती. दुसरा कोणी असता तर घरी परत येऊन नशिबास दोष देत बसला असता; यांनी रंग सोडले व यंत्रांची रेखाचित्रे काढणे हाती घेतले, कारण त्यास पेन्सिल व पट्टी पुरते. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. तेथील कारखान्यात लोखंडाशी जी ओळख झाली ती जन्मभर टिकली.

बेळगावास त्यांचे वडील बंधू रामूअण्णा होते. या दोघा भावांनी 1888 साली ‘किर्लोस्कर बंधू’ या नावाने सायकलींचे दुकान काढले. सायकली विकावयाच्या, दुरुस्त करावयाच्या, आणि गिऱ्हाइकास बसावयास शिकवावयाचेही, असा तो धंदा होता. पुढे लक्ष्मणराव मुंबईची नोकरी सोडून बेळगावास आले आणि दुकानास लहानसा कारखाना जोडला गेला. त्या कारखान्यातील पहिला माल म्हणजे कडबा कापण्याचे यंत्र. लोखंडी नांगर त्यानंतरचा, 1903 सालचा.

नांगराची कथा सर्वत्र सांगितली जाते, कडबायंत्राची कोणी सांगत नाही. याचे कारण उघड आहे. नांगरास विरोध झाला आणि विरोधाची गोष्ट सांगावयास रंगत येते. लोखंडाने जमीन विषारी होते, ती पुढे पिकावयाची नाही, असे शेतकरी म्हणू लागले व पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. ती वाचून शिकलेली मंडळी शेतकऱ्यास हसतात. मला मात्र त्यात हसण्यासारखे फारसे वाटत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई, मोडला तर तोच दुरुस्त करी, आणि त्याचा मोबदला सुगीत बलुत्याच्या रूपाने धान्याने चुकता होई. लोखंडी नांगरास पैसा रोख मोजावयाचा. फाळ झिजला किंवा बिडाचा भाग तडकला तर गावच्या सुतारास त्यातले काही कळावयाचे नाही. ज्याच्या घरी वर्षातून एकदाच रोकड दिसते त्याने अशा वस्तूकडे दोन वर्षे नुसते पाहत राहणे हा शहाणपणाच म्हणावा लागेल. विषाची गोष्ट त्याने सांगितली असेल, पण मनात हिशेब दुसराही असेल. कुंदा व हराळी यांनी ग्रासलेली काळी जमीन लोखंडी नांगर खालपर्यंत उलथून टाकतो, हे एकदा शेजाऱ्याच्या रानात डोळ्यांनी दिसले, तेव्हा याच शेतकऱ्याने तो घेतला.

ते 1903 साल आमच्या हिंगोलीच्याही ध्यानात राहण्यासारखे आहे. हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी येथे पुष्कळ वर्षे होती, आणि ती फौज त्याच साली इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. तिकडे बेळगावास नांगर जन्मास येत होता, इकडे आमचे गाव छावणीचे होते ते केवळ कापसाच्या बाजाराचे राहिले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. लिहिता लिहिता आठवले म्हणून नमूद केले.

बेळगावच्या नगरपालिकेच्या योजनेत कारखान्याची जागा गेली आणि दोघा भावांपुढे बिऱ्हाड हलविण्याचा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांस आपल्या मुलखात बोलाविले. हे राजे स्वतः चित्रकार होते व सूर्यनमस्काराच्या प्रसाराकरिता त्यांचे नाव आजही घेतले जाते. कुंडल रोड स्टेशनाजवळील 32 एकर माळ त्यांनी दिला व दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. माळ कसला, तर निवडुंगाचे रान आणि त्यात नागांची वस्ती. तेथे 1910 साली सुमारे पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे यांसह लक्ष्मणरावांनी मुक्काम ठोकला. तीच किर्लोस्करवाडी, हल्ली ती सांगली जिल्ह्यात येते, आणि स्टेशनासही तेच नाव मिळाले आहे. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर पहाऱ्याचे काम सोपवून त्यांस त्यांनी माणसांत आणले, हेही तेथील जुनी माणसे सांगत आली.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले. ओतकामास बीड नाही आणि नांगरांची मागणी तर वाढलेली. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानातील जुन्या तोफा वितळविण्याकरिता दिल्या व त्यांचे नांगर झाले, अशी हकीकत सांगतात. पुढे या कारखान्यातून उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची हातयंत्रे, पाणी उपसण्याचे पंप असा शेतकऱ्याच्या उपयोगाचा माल बाहेर पडत गेला. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकास कळावी म्हणून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले, आणि त्यातूनच शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर’ मासिक उभे राहिले. नांगराच्या जाहिरातीतून एवढे मोठे मासिक निघाले हे पाहून आपल्या संघाच्या संपादकांनी धीर सोडू नये. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीस 1969 साली सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आता आमच्या चाकाविषयी. माझे आजोबा कयाधूकाठचे, बावीस एकर कोरडवाहूचे धनी. अक्षरओळख बेताचीच, पण वही ठेवीत. निजामशाही 1948 साली संपल्यावर दोन-तीन वर्षांनी त्यांनी नांदेडच्या बाजारात हे यंत्र पाहिले. त्या वेळी आमच्याकडे हाली शिक्का अजून चालत होता आणि दुकानदार मागत होता कलदार. सहा कलदारास सात हाली, या हिशेबाने किंमत काढताना त्या दोघांचा अर्धा दिवस गेला, असे ते सांगत. बैलगाडीतून यंत्र गावी आणले, तेव्हा बघावयास सारे गाव लोटले आणि दुसऱ्या दिवसापासून कोणी फिरकेना. कुट्टी खाणाऱ्या जनावराचे दात लवकर झिजतात व ते रवंथ विसरते, असे कोणीतरी उठविले होते. आजोबांनी वाद घातला नाही. आपली दोन बैलांची जोडी व एक म्हैस यांनाच वर्षभर कुट्टी घातली. पुढल्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या गंजी संपल्या आणि आमच्या गोठ्यामागे कडबा उभा होता. त्यानंतर लोक आपापल्या पेंढ्या डोक्यावर घेऊन चाकावर येऊ लागले. आजोबा पैसा घेत नसत. येणाऱ्याने स्वतः चाक फिरवावे व जाताना आमच्या गव्हाणीत एक टोपले कुट्टी टाकावी, एवढाच दंडक होता.

हे सांगितले, तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या चाकानेच माझ्या थोरल्या चुलत्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. संध्याकाळची वेळ, चाक सालगडी फिरवीत होता व चुलते कडबा सारीत होते. पन्हळीत धांड्यांचा गुंता झाला, तो मोकळा करण्यास त्यांनी हात पुढे घातला आणि रुळाने बोटे धरली. जड चाक अडत नाही, हे मी वर लिहिलेच आहे. हिंगोलीच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत रात्र झाली. दोष यंत्राचा नव्हता व गड्याचाही नव्हता. घाईचा होता, आणि पन्हळीवर आडोसा नव्हता याचाही होता. दुसऱ्याच आठवड्यात आजोबांनी सुताराकडून पन्हळीच्या तोंडावर हातभर लांबीचे लाकडी झाकण करवून घेतले, म्हणजे हात कितीही पुढे गेला तरी रुळापर्यंत पोहोचू नये. कडबा सारण्यास बाभळीची एक आखूड काठी पन्हळीस दोरीने बांधून ठेविली. चुलते पुढे तीस-बत्तीस वर्षे जगले, औत हाकीत, पण चाकापाशी पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. बाजूने जाताना मान दुसरीकडे वळवीत. वाळवीने पन्हळ खाल्ली, ते झाकण मात्र सागाचे असल्याने जसेच्या तसे निघाले. ते हातात घेतले तेव्हा भंगारवाल्यास नको म्हणण्यास मला दुसरे कारण लागले नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी पाच-सहा वर्षांचा होतो. त्या सालची एकच गोष्ट स्वच्छ आठवते. रात्री आजोबा कंदील घेऊन गव्हाणीत वाकून पाहत व जमिनीवर सांडलेले कुट्टीचे तुकडे वेचून पुन्हा टोपल्यात टाकीत. गावातील कितीतरी दावणी त्या वर्षी रिकाम्या झाल्या. आमची जोडी वाचली; म्हैस विकावी लागली. चाक होते म्हणून सगळेच वाचले, असे म्हणणे खोटे होईल. गंज पुरता संपल्यावर चाक काय कापणार?

आणि हल्लीची अडचण नेमकी तीच आहे. माझ्या नोकरीच्या काळात पीकपेऱ्याचे तक्ते माझ्या हाताखालून पुष्कळ गेले. सुरुवातीच्या वर्षांत खरिपाच्या रकान्यात ज्वारी व कापूस हे शब्द लिहून हात दुखे. पुढे पुढे सोयाबीन लिहून दुखू लागला, आणि वसमत, औंढा, कळमनुरीकडे हळद. आता तर 2021 सालापासून ई-पीक पाहणी आली असून शेतकरी स्वतःच मोबाईलवर पिकाची नोंद करतो. कारकुनाचा हात दुखावयाचे कारणही उरलेले नाही. सोयाबीनने रोख पैसा दिला, हे मी नाकारीत नाही; माझ्याही शेतात तेच असते. पण सोयाबीनचे भुसकट म्हणजे कडबा नव्हे. ज्वारी पेरणारा एकाच पिकात स्वतःची भाकरी व बैलाची वैरण काढीत होता. आज बैल बाळगणारा कडबा विकत घेतो, आणि पुष्कळांनी बैलच विकले. जेथे एक-दोन जनावरे आहेत, तेथे विकतच्या कडब्याची पेंढी न कापता गव्हाणीत टाकणे म्हणजे पैसे उकिरड्यात टाकणे होय, आणि अशा घरी विजेच्या यंत्राचा खर्चही झेपत नाही. म्हणून ज्यांच्या गोठ्यात असे जुने चाक पडून असेल त्यांनी ते विकण्यापूर्वी एकदा तपासून पाहावे.

तपासण्याची रीत सोपी आहे. प्रथम चाकास तडा आहे काय ते पाहावे. चाक अधांतरी धरून लहान हातोडीने टिचकी मारावी. आवाज घंटेसारखा स्वच्छ आला तर ठीक, फुटक्या मडक्यासारखा आला तर ते यंत्र निःशंक भंगारात द्यावे, कारण फिरते बिडाचे चाक फुटले तर जीव घेईल. दात्यांपैकी एखादा तुटला असेल तर चालवू नये. गंज रॉकेल लावून दोन दिवस भिजू द्यावा व मग तारेच्या कुंच्याने काढावा. पात्यास धार एकाच बाजूने असते. सपाट बाजू दगडावर घासून गोल करू नये, ही चूक आमच्याकडे एका हुशार माणसाने केली होती व त्या माणसाचे नाव या लेखाच्या शेवटी येईल. पाते बसविल्यावर वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी तोंडाशी धरून चाक हळूच हाताने फिरवावे. कागद स्वच्छ कापला गेला तर पाते व पट्टी यांतील अंतर बरोबर आहे. चुरगळून खाली आला तर बोल्ट सारून पाते जवळ घ्यावे. आसास एरंडेल तेल उत्तम. आणि झाकणावाचून, काठीवाचून, तसेच मुले जवळ असताना चाक फिरवू नये. काम संपताच चाक दोराने पायास बांधून ठेवावे; मोकळे चाक दिसले की मुलास ते फिरविण्याचा मोह आवरत नाही.

आमच्या चाकाचा आवाज स्वच्छ आला. नवी पन्हळ गावच्याच सुताराने बाभळीची करून दिली. जुने सागाचे झाकण तीवर बसविले आहे. पाती हिंगोलीस एका लोहाराकडून धार लावून आणली, कारण पहिल्या वेळी मी स्वतः ती दोन्ही बाजूंनी घासून बिघडविली होती. सध्या गोठ्यात एक गाय व एक कालवड आहे. सकाळी मी चाक फिरवितो आणि चिरंजीव काठीने कडबा सारतो. वीस-पंचवीस मिनिटांत दोघींची दिवसाची वैरण होते. भंगारवाला मधून मधून येतो, चाक फिरताना थोडा वेळ उभा राहून पाहतो, आणि दुसरे काही आहे का म्हणून विचारतो.